उदमांजराची तीन पिल्ले आणि नावाने केलेली दिशाभूल

हे प्रकरण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावातले आहे. घर, गाव आणि माणसे ओळखू येतील असे तपशील वगळले आहेत. वन्यप्राण्यांच्या बचावाचे काम करणारे, वनरक्षक, आणि जुन्या कौलारू घरांत राहणारे कोणीही, यांच्यासाठी ते सविस्तर मांडले आहे.

पार्श्वभूमी

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. पाऊस तोंडावर आलेला, म्हणून घराची कौले परतायचे काम चालू होते. घर जुने, माळा वापरात नसलेला, मागच्या फणसाची एक फांदी सरळ आढ्याला टेकलेली. सकाळी साडेनऊच्या सुमारास मागच्या पाख्यावरची कौले उतरवताना एक लांबट, काळपट जनावर वाशांवरून पळाले आणि फणसावर चढून दिसेनासे झाले. माळ्यावर जुन्या गोणपाटात तीन पिल्ले होती. डोळे नुकतेच उघडलेले, अंगावर गडद करडी लव, प्रत्येकाचे वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास.

घरातल्या आजोबांनी बघताक्षणी सांगितले, "ही उदाची पिल्लं." त्यांची ओळख बरोबर होती. हा प्राणी म्हणजे कांडेचोर, ज्याला ताडमांजरही म्हणतात. त्या घरात त्याला पिढ्यान्‌पिढ्या ऊद म्हणतात, आणि तो माळ्यावर राहतो हे सगळ्यांना ठाऊक असते.

अडचण

शेजारच्या मुलाने तालुक्याच्या गावातल्या एका बचाव कार्यकर्त्याला फोन लावला आणि "उदमांजराची पिल्लं सापडलीत" असे सांगितले. त्या कार्यकर्त्याच्या लेखी उदमांजर म्हणजे खाडीत मासे मारणारे पाणमांजर. गाव खाडीकाठचे असल्यामुळे त्याला शंका यायचे कारणही नव्हते. त्याने गटाच्या व्हॉट्सॲपवर "पाणमांजराची तीन पिल्ले" असा संदेश टाकला आणि फोनवर सल्ला दिला: सावलीत ठेवा, पाण्याजवळ ठेवा.

पुढच्या तीन तासांत जे झाले त्याला कोणाचा दुष्टपणा कारण नव्हता. गावातल्या मुलांनी घमेल्यात दोन बोटे पाणी घेतले आणि पिल्ले त्यात ठेवली; पाण्यातला प्राणी, त्याला पाणी हवे. वीसेक मिनिटांनी ती थरथरायला लागली तेव्हा बाहेर काढली. मग कोणी तरी म्हणाले, मांजराची जात आहे, दूध द्या. कापसाच्या वातीने गाईचे दूध पाजले गेले, तेही पिल्लांना तान्ह्या बाळासारखे उताणे धरून.

नावाच्या दोन्ही अर्ध्यांनी एकेक सूचना दिली होती आणि दोन्ही चुकीच्या होत्या. हा प्राणी ना पाण्यातला, ना मांजर.

फोटो मागवला गेला तोपर्यंत पिल्ले भिजलेली होती. ओली लव अंगाला चपटून बसली की कांडेचोराचे पिल्लू सुद्धा गुळगुळीत, लांबुळके, पाणमांजरासारखे दिसते. त्या धूसर फोटोने चूक पक्की केली. दुपारी एक वाजता बचाव गट पोहोचला तो प्लास्टिकचा मोठा टब आणि बर्फात ठेवलेली मासळी घेऊन.

नावाचा गुंता

ही चूक एका माणसाची म्हणून सोडून देता येत नाही, कारण ती भाषेतच बसलेली आहे.

संस्कृतात उद्र हा शब्द आहे. यजुर्वेदाच्या संहितांमध्ये अश्वमेधाच्या प्राण्यांच्या यादीत तो येतो. वाजसनेयी संहितेचा भाष्यकार महीधर त्याचा अर्थ खेकडा असा करतो, तर तैत्तिरीय संहितेवरचे भाष्य पाण्यातले मांजर असे सांगते. नावावरून गोंधळ व्हायची सुरुवात इतकी जुनी आहे. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातही हाच शब्द उद्र असाच आहे, आणि त्यातल्या वेंदिदाद या भागात त्या प्राण्याला मारणाऱ्याला अत्यंत कडक शिक्षा सांगितली आहे. रशियन विद्रा, इंग्रजी ऑटर, ग्रीक पुराणातला पाणसर्प हायड्रा ही सगळी एकाच मुळाची नावे. त्या मुळाचा अर्थ पाणी. आपले उदक त्यातलेच, समुद्रही त्यातलाच. गोव्यात पाण्याला आजही रोजच्या बोलण्यात उदक म्हणतात.

उद्रचे प्राकृतात उद्द झाले आणि पुढे ऊद. निद्रेची निद्दा आणि मग नीद झाली, तीच ही वाट. मार्जारचे मांजर झाले. हिंदीत ऊदबिलाव आणि बंगालीत उदबिडाल ही नावे आजही पाणमांजराचीच आहेत. म्हणजे मुळात ऊद हा पाण्यातलाच.

मराठीत मात्र हा शब्द पाण्याबाहेर आला. लांब अंग, आखूड पाय, लांब शेपूट, रात्रीचा वावर अशा ठेवणीच्या प्राण्यांना ऊद हे नाव जातिवाचक म्हणून लागले आणि वेगळेपणा दाखवायला पुढे विशेषणे आली. मसण्या ऊद हे त्यातले एक. कांडेचोर मसणवटीत मढी उकरतो या समजातून ते आले. प्रत्यक्षात तो मुख्यतः फळे खातो, पण नाव चिकटले ते चिकटलेच. आणि तेही एकाच प्राण्याला चिकटलेले नाही.

त्यात आणखी एक ऊद येऊन मिसळला. धुपात जाळतात तो ऊद अरबीतून आला. तिथे त्या शब्दाचा अर्थ लाकूड, विशेषतः सुगंधी अगराचे. उदबत्ती त्यावरूनच. कांडेचोराच्या शेपटीखाली गंधग्रंथी असतात, म्हणून "उदासारखा वास येतो म्हणून उदमांजर" अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. ऐकायला ती गोड आहे आणि निसर्गभ्रमंतीत हमखास सांगितली जाते. पण हिंदी-बंगालीतले ऊद सरळ पाण्याकडे बोट दाखवतात, तिथे धुपाचा संबंध नाही. आमच्या मते धुपाचा अर्थ मागाहून जोडलेला आहे. गंधावरून खरोखर नाव पडले ते कांडेचोराच्याच कुळातल्या जवादी मांजराचे: अरबी झबाद म्हणजे या कुळातल्या प्राण्यांचा सुगंधी स्राव. इंग्रजी सिव्हेटही त्याच शब्दाचे वळण. बंगालीत कांडेचोराला गंधगोकुळ म्हणतात, तेही वासावरूनच.

शास्त्रीय नावानेही या प्राण्याला न्याय दिलेला नाही. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ पीटर सायमन पालास याने १७७७ मध्ये त्याचे वर्णन केले तेव्हा जातीचे नाव हर्माफ्रोडायटस, म्हणजे उभयलिंगी, असे ठेवले गेले. नर-मादी दोघांच्याही गंधग्रंथी वृषणांसारख्या दिसतात, एवढेच त्याचे कारण.

आज मराठी वर्तमानपत्रांत उदमांजर म्हटले की बहुतेक वेळा कांडेचोर, म्हणजे ताडमांजर, अभिप्रेत असते. खाडीवर जाळी टाकणाऱ्यांत आणि काही पुस्तकांत उदमांजर म्हणजे पाणमांजर. दोन्ही वापर चालू आहेत आणि दोन्ही वापरणाऱ्यांना आपलेच बरोबर वाटते. माळ्यावरच्या तीन पिल्लांचा प्रश्न या दोन वापरांच्या मधोमध अडकला.

ओळख कशी पटली

प्रत्यक्ष पाहिल्यावर दोन मिनिटे लागली. पंजा उलटून बघितला: बोटांमध्ये पोहण्याचा पडदा नाही, नखे टोकदार, कापडात अडकणारी. शेपूट बुडापासून टोकापर्यंत सारखी गोल, बारीक आणि जवळपास अंगाएवढी लांब. पाणमांजराची शेपूट बुडाशी जाड स्नायूची असते आणि टोकाकडे चपटी होत जाते. कान वर उठलेले, स्पष्ट. पाणमांजराचे कान लहान, लवेत जवळपास बुडालेले.

पिल्लांना हात न लावताही उत्तर मिळाले असते. माळ्यावर कोपऱ्यात विष्ठेचा ढीग होता आणि त्यात करवंदाच्या, जांभळाच्या, भेरली माडाच्या बिया होत्या. पाणमांजराच्या विष्ठेत माशांचे खवले, काटे, खेकड्याच्या कवचाचे तुकडे असतात आणि तिचा मासळीचा वास लांबून येतो. शिवाय पाणमांजर पिल्ले घालते ते काठावरच्या बिळात, मुळांच्या किंवा खडकांच्या कपारीत. घराच्या माळ्यावर कधीच नाही. आणि बहुधा हिवाळ्याच्या सुमारास, मे महिन्यात क्वचित.

एक गोष्ट ठासून सांगायला हवी. ही पिल्ले खरोखर पाणमांजराची असती तरी त्यांना पाण्यात ठेवणे तितकेच घातक ठरले असते. पाणमांजराची पिल्लेही जन्मतः पोहत नाहीत. साधारण दोन महिन्यांची झाल्यावर आई त्यांना पाण्यात नेते. त्याआधी भिजलेले पिल्लू गारठून मरते.

कोणते पर्याय होते

पिल्ले गारठलेली होती. घरातला ताप मोजायचा पाऱ्याचा थर्मामीटर ३५ अंशांपासून सुरू होतो आणि पारा तिथून हलत नव्हता. एका पिल्लाच्या नाकाशी दुधाचा बुडबुडा आणि श्वासात बारीक घरघर. पुढे काय करायचे याबद्दल गटात एकमत नव्हते.

पहिला पर्याय, पिल्ले जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन हाताने वाढवायची. अडीच तासांचा रस्ता, मे महिन्याची दुपार, आणि पुढे दर तीन-चार तासांनी दूध पाजणे, तेही दोन महिने. हाताने वाढलेली पिल्ले माणसाला सरावतात आणि सोडल्यावर पुन्हा घरांकडे येतात. दुसरा पर्याय, त्याच रात्री आईला परत द्यायची. आई सकाळी पळाली होती, मेली नव्हती, आणि फणस दहा पावलांवर होता. तिसरा पर्याय गावातूनच आला: रानात सोडून द्या. हा पर्याय म्हणजे मुंग्या, कुत्रे आणि थंडीच्या हवाली करणे होते, म्हणून त्यावर चर्चा लांबवली नाही.

घरमालकाची बाजूही खरी होती. कौले उतरलेली, गड्यांची मजुरी चालू, आणि वळवाचा पाऊस कधी येईल याचा नेम नाही. घरातल्या बाईंना माळ्यावरच्या मुताच्या डागांचा आणि रात्रीच्या धावपळीचा त्रास वर्षानुवर्षे होत होता, त्यात "मसण्या घरात नको" ही भीती. त्यांना फक्त कायदा सांगून भागले नसते. दोन्ही प्राणी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत हे वनरक्षकाने सांगितले, पण माणसे तयार झाली ती दुसऱ्या बोलण्यावर: पुढचा पाखा आजच पूर्ण करू, मागचा कोपरा फक्त दोन रात्री ताडपत्रीखाली ठेवू, पिल्ले गेल्यावर जनावर पुन्हा येणार नाही अशी जागा बंद करून देऊ.

काय केले

आधी ऊब, मग पाणी, मग दूध. हा क्रम बदलला तर पिल्लू हातचे जाते. गारठलेल्या पिल्लाचे आतडे काम करत नाही. त्यात घातलेले दूध तसेच पडून राहते किंवा उलटून श्वासनलिकेत जाते.

पिल्ले कोरड्या सुती फडक्याने पुसून गोणपाटाच्या घडीत ठेवली. कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवल्या, म्हणजे जास्त गरम झाले तर पिल्लू सरकू शकते. बाटली थेट अंगाला लागली की कातडी भाजते. तासाभराने दोन पिल्ले हालचाल करू लागली. मग कोमट ओआरएस, एक मिलिलिटरच्या सुईविना सिरिंजने, थेंब थेंब. पिल्लू पोटावर, डोके किंचित वर, कधीच उताणे नाही. संध्याकाळी मांजराच्या पिल्लांसाठीची दूधभुकटी, एका वेळी वजनाच्या पाच टक्क्यांहून कमी. दीडशे ग्रॅमच्या पिल्लाला सात मिलिलिटरच्या आत. प्रत्येक वेळी पाजल्यावर ओल्या कापसाने पोटाखाली हलके चोळले, कारण एवढ्या लहान पिल्लांना त्याशिवाय लघवी होत नाही. हे काम आई जिभेने करते.

अंधार पडताना खोके माळ्यावर ठेवले, मूळ जागेपासून हातभर अंतरावर, जुन्या गोणपाटासह. खोक्याची एक बाजू वीतभर उंचीपर्यंत कापली. खोके पाटावर आणि पाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत, मुंग्यांसाठी. कोकणात हे विसरले तर सकाळी पिल्ले मुंग्यांनी भरलेली सापडतात.

पहिली रात्र वाया गेली. अंगणातला दिवा चालू राहिला, पडवीत सात-आठ माणसे आई येते का ते बघत बसली, आणि कुत्रा साखळीला असला तरी भुंकत होता. साडेआठच्या सुमारास आई फणसाच्या फांदीवर दिसली, थांबली आणि मागे फिरली. अकरानंतर पिल्ले खाली आणून पुन्हा ऊब आणि दूध द्यावे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसून ठरवले ते असे: अंगणातला आणि पडवीतला दिवा बंद, कुत्रा शेजारच्या वाडीत, घरची माणसे पुढच्या ओटीवर झोपणार, आणि बघायचे काम इन्फ्रारेड कॅमेऱ्याने. माणसाचा वास लागला म्हणून आई पिल्ले टाकते हा समज गटातल्याही एकाच्या मनात होता. तिला अडवतात ते उजेड, आवाज आणि माणसे. खोक्याची जागाही बदलली: आढ्याच्या ज्या टोकाला फांदी टेकते, तिथे.

परिणाम

पहाटे दोनच्या सुमारास आई आली. खोक्याभोवती दोनदा फिरली, एका पिल्लाला मानेला धरून उचलले आणि फांदीवरून गेली. पाऊण तासाने परत येऊन दुसरे नेले. तिसऱ्यासाठी ती आली नाही. ते पिल्लू ओरडत नव्हते; छातीत घरघर असलेले तेच होते. घमेल्यात सर्वांत जास्त वेळ तेच राहिले होते आणि दूधही आधी त्यालाच पाजले होते. उजाडताच त्याला तालुक्याला पशुवैद्यकांकडे नेले. फुप्फुसात दूध गेल्याने न्यूमोनिया झाला होता. ते संध्याकाळी मेले.

मागचा कोपरा तिसऱ्या दिवशी शाकारून झाला. फणसाची फांदी छपरापासून दोन मीटर मागे छाटली. भिंत आणि वाशांमधली, मूठ जाईल एवढी सगळी भोके जाळी लावून बंद केली. ती बंद करण्याआधी आत कोणी राहिलेले नाही हे एक रात्र कॅमेरा ठेवून पाहिले. आधी भोके बुजवली असती तर आई बाहेर आणि पिल्ले आत, असे झाले असते, आणि पुढची हाक कुजक्या वासाबद्दल आली असती.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत मोठी संधी पहिल्या पाच मिनिटांत होती. पिल्ले दिसल्यावर ती जिथल्या तिथे ठेवून त्या भागावर चार कौले परत टाकली असती आणि काम दुसऱ्या पाख्यावर नेले असते, तर आईने रात्री तिन्ही पिल्ले स्वतःच हलवली असती. बचाव गटाची गरजच पडली नसती. हे गड्यांना सांगितलेले असायला हवे, आणि सांगायची वेळ एप्रिलमधली, कौले उतरायच्या आधीची. माळ्यावर बियांची विष्ठा, मुताचे पिवळे डाग किंवा रात्रीची धावपळ असेल तर आधी दोन संध्याकाळी बाहेरून नजर ठेवून जनावर कुठून निघते ते पाहावे. कांडेचोराची वीण वर्षभर होऊ शकते, त्यामुळे अमुक महिना सुरक्षित असे धरून चालता येत नाही.

दुसरी संधी फोनवर होती. कार्यकर्त्याने नाव ऐकले आणि सल्ला दिला. त्याऐवजी त्याने विचारायला हवे होते: पिल्ले नेमकी कुठे सापडली? आई कुठे पळाली, झाडावर की पाण्याकडे? शेपूट गोल की चपटी? बोटांत पडदा आहे का? पहिल्या प्रश्नाचे "माळ्यावर" हे उत्तरच पुरेसे होते. आणि कोणताही प्राणी असो, ओळख पटेपर्यंतचा सल्ला एकच: कोरडे ठेवा, उबेत ठेवा, अंधारात ठेवा, तोंडात काही घालू नका, आणि वन विभागाला १९२६ या फोन क्रमांकावर कळवा.

पहिल्या रात्रीचा दिवा आणि गर्दी ही गटाची स्वतःची चूक. लोकांना बघू दिले तर सहकार्य मिळते असा हिशेब होता. तो चुकला आणि एक रात्र गेली. तिसऱ्या पिल्लाला पहिल्याच संध्याकाळी पशुवैद्यकांकडे न्यायला हवे होते. घरघर तेव्हाच ऐकू येत होती. तिघांना एकत्र आईकडे द्यायच्या आशेने ते मागे ठेवले गेले.

या प्रकरणानंतर गटाने नोंदीचा कागद बदलला. पूर्वी "प्राणी" असा एकच रकाना होता आणि त्यात "उदमांजर" असे लिहिलेल्या जुन्या नोंदींतून खाडीतली पाणमांजरे किती आणि माळ्यावरचे कांडेचोर किती, हे आता वेगळे काढणे अवघड आहे. खाडीतले पाणमांजर धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत असुरक्षित गटात मोडते. त्याच्या नोंदीत कांडेचोर मिसळले तर खाडी भरलेली वाटते आणि प्रत्यक्षात ती रिकामी होत असते. आता दोन रकाने आहेत. पहिल्यात सांगणाऱ्याने उच्चारले तेच नाव, एक अक्षरही न बदलता. दुसऱ्यात ओळख, आणि ती कशावरून पटली ते: पंजा, शेपूट, विष्ठा, जागा. या घराच्या नोंदीत पहिल्या रकान्यात आजोबांचा शब्द आहे, ऊद. दुसऱ्यात: कांडेचोर, पॅराडॉक्सुरस हर्माफ्रोडायटस, तीन पिल्ले, दोन आईकडे, एक मृत.